भरलेली कड

माणसाचं काळीज किती वर्षं साथ देणार हे गालाच्या आतल्या चार पेशींवरून कळतं, असं सगळ्यांनी एकदाचं मान्य करून टाकलं होतं, त्या काळातली ही गोष्ट. मान्य करायला लोकांना लागतं काय म्हणा! फोनवर एक आकडा दिसला की झालं.

पण त्या आकड्याच्याही आधी एक कोंबडी होती. तिचं नाव ठकी.

पाचगणीच्या अलीकडे, पठारावर, पेशींचा अभ्यास करणारं एक लहानसं केंद्र होतं. वर्षातले निम्मे दिवस ते धुक्यातच असायचं. खिडकी उघडली की धुकं सरळ आत यायचं, टेबलांच्या मधून फिरायचं, आणि कोणी त्याला हाकलायला जायचं नाही. मालविका शेणोलीकर तिथे सूक्ष्मदर्शकावर काम करायची. वय सव्वीस, नजर तल्लख आणि स्वभाव जरा तंद्रीतला. अंधाऱ्या खोलीत भिंगाला डोळा लावून बसली की तिला जेवणाखाण्याची शुद्ध राहायची नाही. शेजारी ठेवलेल्या चहावर साय धरायची आणि बाहेर दिवस मावळलेला असायचा.

ती बघायची ते केंद्रकाचं आवरण. पेशीच्या मधोमध केंद्रक असतं, त्यात आईवडिलांकडून आलेला सगळा वारसा धाग्यांसारखा गुंडाळून ठेवलेला असतो, हे शाळेत सगळेच शिकतात आणि परीक्षा झाली की विसरतात. त्या केंद्रकाभोवती पातळ आवरण असतं, आणि आवरणाला आतून लॅमिन नावाच्या प्रथिनाची बारीक जाळी असते. गोधडीला अस्तर असावं तशी. हृदयाचा स्नायू जन्मभर ताणतो आणि सैल होतो, एक क्षण थांबत नाही. ती सगळी ओढ हे अस्तर सोसतं. अस्तर विरलं की केंद्रकाला सुरकुत्या पडतात आणि पुढे कधीतरी ठोक्यांची लय चुकायला लागते. हे अस्तर भिंगातूनही नुसतं दिसत नाही. ते दिसायला प्रतिपिंड लागतं, म्हणजे नेमकं त्या एकाच प्रथिनाला जाऊन चिकटणारा रेणू. त्याला चमकणारा रंग जोडून सोडून द्यायचं. तो चिकटेल तिथे उजेड.

आता हे प्रतिपिंड करायचं कसं, तर ते प्रथिन एखाद्या प्राण्याला टोचायचं आणि त्याच्या शरीराने ते परकं म्हणून ओळखायची वाट बघायची. गोची अशी, की लॅमिन ससा, शेळी, उंदीर आणि माणूस या सगळ्यांत जवळपास सारखंच. सशाला टोचलं तर सशाचं शरीर म्हणणार, हे तर आपल्या घरचंच, याच्याशी कशाला भांडायचं? कोंबडी मात्र नात्याने लांबची. तिला ते खटकतं. शिवाय कोंबडीचं एक बरं, प्रतिपिंड अंड्याच्या बलकात उतरतं. रक्त काढायला नको, सकाळी उठायचं आणि अंडं उचलायचं.

कोंबड्यांचं बघायला श्रीरंग परब होता. पशुवैद्य, मूळचा मालवणजवळच्या आचऱ्याचा, बोलायला मोकळा आणि हाताने हळुवार. त्याच्या खुराड्यात डझनभर कोंबड्या होत्या, पण नेमकं प्रतिपिंड उतरलं ते एकटीच्या अंड्यात. ती ठकी. दिसायला अगदीच बेंगरूळ, एका पायाने लंगडी, आणि जवळ जाईल त्याला चोच मारणारी. श्रीरंगला मात्र ती खांद्यावर बसू द्यायची.

ठकीच्या बलकातलं प्रतिपिंड मालविकाने पहिल्यांदा पेशींवर सोडलं तो दिवस तिला पुढे कायम आठवत राहिला. गच्च काळोख होता. मग त्यात एकेक हिरवी कड उगवत गेली, नाजूक, गोल, आत काळंभोर काहीतरी सांभाळून धरलेली. तिने मॅडमना बोलवायच्या आधी श्रीरंगला बोलावलं. त्याने डोळा लावला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. मग म्हणाला, आमच्या खाडीत श्रावणातल्या अंधारात वल्हं मारलं की पाणी असं पेटतं. त्या दिवसापासून दोघांचं जमलं. पठारावर फिरायला लागली, धुक्यात एकमेकांना हाका मारून शोधायला लागली, आणि लग्न करायचं हे बोलायच्या आधीच ठरून गेल्यासारखं झालं.

केंद्राच्या प्रमुख डॉ. सुचेता करमरकर. सगळे त्यांना नुसतं मॅडम म्हणायचे. मॅडमना आता तुलनेला निरोगी पेशी हव्या होत्या. नुसता उजेड दिसून भागत नाही, तो कशाच्या मानाने कमी आणि कशाच्या मानाने जास्त हे कळायला शेजारी काहीतरी ठरलेलं लागतं. प्रयोगशाळांमधून याची एक जुनी, घरगुती रीत असते. जो समोर असेल त्याचा गाल. कापसाची काडी आतून फिरवायची की पेशी मिळाल्या. अट एकच, तोंड स्वच्छ हवं. मॅडमनी दारातूनच विचारलं, सकाळपासून चहा कोणी घेतला नाहीये? सगळ्यांनी घेतला होता. एकट्या मालविकाची संकष्टी होती आणि तिने पाण्याशिवाय काही तोंडात घातलं नव्हतं. तिने आ केला.

तिच्या पेशींची कड अशी काही उजळली, की खोलीतले सगळे भिंगापाशी जमले. भरदार, अखंड, कुठे सुरकुती म्हणून नाही. मॅडमनी तिथल्या तिथे ठरवलं, तूर्त हेच माप. या पेशी वाढवायच्या, प्रत्येक काचपट्टीच्या कोपऱ्यात त्यांचा एक ठिपका ठेवायचा, त्यांच्या उजेडाला शंभर म्हणायचं आणि बाकीच्यांना त्यावरून मोजायचं. पुढे सवडीने शंभर माणसांच्या पेशी गोळा करू आणि सरासरी काढू. ही सवड काही कधी मिळाली नाही. एका पोरीला शंभर धरून बाकीचं जग मोजायचं, यात काही चुकतंय असं खोलीतल्या एकाही शहाण्याला वाटलं नाही, कारण रोज तसंच करत आले होते. धट्टीकट्टी मुलगी, रोज चढ चढून कामावर येते, तिला काय धाड भरली आहे?

मग हौसेने सगळ्यांनी आपापले गाल दिले. बाकीच्यांचेही आकडे शंभराच्या बरेच खाली आले, पण ते त्यांनी हसून वयावर ढकलले. श्रीरंगची काचपट्टी मालविकानेच भिंगाखाली सरकवली. कोपऱ्यात तिची कड लखलखत होती. मधे त्याची. फिकी, बारीक, धुक्यातून दिवा दिसावा तशी. आकडा पन्नाशीच्याही खाली. तिने नळ्या हलवल्या, पुन्हा रंग सोडला, पुन्हा पाहिलं. तेच.

श्रीरंगचे वडील एकोणचाळिसाव्या वर्षी होडीतून उतरता उतरता छातीवर हात ठेवून गेले होते. त्याला वेगळं समजावून सांगायची गरजच नव्हती. दोनच दिवसांनी खुराड्यापाशी त्याने तिला सांगितलं, की तो नोकरी सोडून गावी चालला आहे. "माझ्या आईने जे काढलं ते तुझ्या वाट्याला यायला नको," एवढंच म्हणाला. तो सगळं ठरवून आला होता, त्यात तिला बोलायला जागाच ठेवलेली नव्हती. तिला राग आला, भयंकर राग आला. सोडून चालल्याचा होताच, पण विचारलं नाही याचा त्याहून जास्त होता. तो गेला. ठकी नंतर कितीतरी दिवस कोणालाच जवळ येऊ देईना.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. ठकीच्या पेशींमधली प्रतिपिंडाची कृती काढून घेऊन ते मोठमोठ्या टाक्यांमध्ये तयार व्हायला लागलं. मग औषधाच्या दुकानात पाकीट आलं. आत कापसाची काडी, एक थेंब आणि नखाएवढी काचपट्टी. फोनला भिंग लावलं की चहा उकळेपर्यंत आकडा हजर. आणि त्या प्रत्येक काचपट्टीच्या कोपऱ्यात मालविकाच्या पेशींचा ठिपका. घरोघरी, गावोगावी, मालविकाचा गाल.

लोकांनी मग कडेला डोक्यावर घेतलं. स्थळं बघताना पत्रिका मागे पडली आणि मुलाची कड काय, मुलीची कड काय, हे आधी विचारू लागले. विमावाल्यांनी दर बदलले. कड विरलेली माणसं पन्नाशीच्या आतच कामधंदा सोडून तीर्थयात्रेला लागली, कोणी छातीत यंत्रं बसवून घेतली, कोणी ठरलेली लग्नं मोडली. शंभर तर कोणालाच येत नव्हते. साठ-पासष्ट आले तरी पेढे वाटायचे. पण त्याचंही उत्तर लोकांकडे तयार होतं. हल्लीचं खाणं बघा, हवा बघा, झोप बघा. पूर्वीच्या माणसांची कड शंभर असायची, असं ज्यांनी पूर्वीच्या माणसांची कड कधी पाहिली नव्हती तेही छातीठोकपणे सांगायचे.

मालविकाने लग्न केलं नाही. स्थळं पुष्कळ आली, शंभरची कड म्हटल्यावर येणारच. तिने कोणाला हो म्हटलं नाही आणि का म्हटलं नाही हेही सांगितलं नाही. सकाळी उठली की ती फोनवर श्रीरंगच्या नावापुढचा हिरवा ठिपका बघायची. पेटलेला असला की तो जागा आहे, म्हणजे आहे. फोन कधी केला नाही. त्याने एकोणचाळीस ओलांडली तेव्हा तिने देवापुढे साखर ठेवली. त्रेचाळीस, पंचेचाळीस, ठिपका आपला पेटतोच आहे. इतकी विरलेली कड घेऊन माणूस इतका टिकतो कसा, हा प्रश्न तिच्यासारख्या बाईला पडायला हवा होता. पडलाही होता. पण जास्त चिकित्सा केली तर दृष्ट लागेल अशी तिला भीती वाटायची, आणि ती ठिपका बघून चहा ठेवायला उठायची.

सेहेचाळिसाव्या वर्षी तिला खुर्चीतून उठताना घेरी यायला लागली. पायात मोजे नसताना मोजे घातल्यासारखं वाटायचं. पायरी उतरताना पाऊल कुठे पडतंय याचा नेम राहिना. वाईला एका तरुण डॉक्टरला दाखवलं. त्याने आधी रीतीप्रमाणे पाकीट फोडून कड पाहिली. आकडा आला शंभर, ना एक कमी ना एक जास्त. डॉक्टर खुर्चीतून उठलाच. म्हणाला, इतक्या वर्षांत शंभर आलेला माणूस मी पाहिलेला नाही, तुमचं अभिनंदन करायला हवं. मालविकाला हसू आलं. स्वतःला स्वतःशी ताडून पाहिल्यावर आणखी काय येणार? घाटातून वर येणाऱ्या गाडीत बसेपर्यंत ती हसत होती. पहिल्या वळणाला धुकं लागलं. शंभर आलेला माणूस पाहिलेला नाही, हे डॉक्टरचे शब्द तिच्या डोक्यात फिरायला लागले. म्हाताऱ्यांना नाही, तरुणांना नाही. पोरांनासुद्धा नाही?

दुसऱ्या दिवशी तिने वाईच्या प्रसूतिगृहातून टाकून देण्यातल्या नाळेचे तुकडे मागवून घेतले, घरच्यांची परवानगी काढून. काल जन्मलेली बाळं. त्यांच्या पेशी वेगळ्या केल्या, प्रतिपिंड सोडलं, खोलीत काळोख केला आणि वाट पाहिली.

एकेक कड उगवली. बारीक, फिकट, एकसारखी. अगदी श्रीरंगसारखी.

ती एकामागून एक काचपट्ट्या सरकवत गेली. सगळ्या बाळांचं तेच. कोणाची थोडी अधिक, कोणाची थोडी उणी, पण तिच्या निम्म्याच्या आसपास. कालच जगात आलेल्या पोराचं अस्तर विरायला वेळ तरी कुठे मिळाला होता? मग तिने कोपऱ्यातला स्वतःचा ठिपका मधे आणला. जाड, ताठ, अंगावर वळ उठावा तशी कड. वीस वर्षं जिला ती सुंदर म्हणत आली, ती सुजलेली होती. तिला पुन्हा घेरी आली की काय ते कळेना. हिरव्या कडा तिच्यासमोर तरंगत राहिल्या आणि आपण कुठल्या कडेच्या आत आहोत आणि कुठल्या बाहेर हेच तिला समजेना. पोरं निरोगी होती. श्रीरंग निरोगी होता. सगळे निरोगी होते. शंभरची एकटीच तेवढी आजारी होती.

निवृत्त झालेल्या मॅडमना तिने वाईहून बोलावून घेतलं. म्हातारीने भिंगाला डोळा लावला, काचपट्ट्या आपल्या हाताने एकदा उलट आणि एकदा सुलट क्रमाने पाहिल्या, आणि मग चष्मा काढून ठेवला.

"उपास तुझा होता, पण हाव माझी," शेवटी त्या म्हणाल्या. "इतकी सुंदर कड दिसली, आणि मी पुढे बघितलंच नाही."

पुढची कामं त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली. चाचणी मागे घ्यायची, माप चुकलं होतं हे सगळ्या जगाला सांगायचं, आणि लोक जे तोंडात मारतील ते सोसायचं. त्यांनीच मालविकाच्या मेंदूची छायाचित्रं काढायला लावली. लॅमिनचे दोन-तीन प्रकार असतात, त्यातल्या एकाची कृती, म्हणजे जनुक, प्रत्येकाच्या वारशात आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी येते. मालविकाला कुठूनतरी एक जास्तीची आलेली. अस्तर जास्त जाड झालं तर काय बिघडतं, असं कोणालाही वाटेल. पण मज्जातंतूंवर एक पांढरं वेष्टन असतं, आणि ते तयार करणाऱ्या पेशींना इतकं ताठ केंद्रक झेपत नाही. वेष्टन हळूहळू झिजतं. आधी तोल जातो, मग पाय, मग हात. फार हळू, पंधरा-वीस वर्षं घेत. औषध आज तरी नाही. हे सगळं मॅडमनी तिला हात हातात घेऊन सांगितलं, आणि ती दोघींच्या हातांकडे बघत ऐकत राहिली.

जाहीर करायच्या आधी मालविकाने एक दिवस मागून घेतला. एका माणसाला आपल्या तोंडाने सांगायचं आहे, म्हणाली. कोणाला, हे मॅडमनी विचारलं नाही.

बिनचालकाची गाडी तिला कणकवलीपर्यंत घेऊन गेली. पुढे गावातली रिक्षा अजून माणूस चालवत होता. आचऱ्याच्या खाडीकाठी उतरली तेव्हा ऊन कललं होतं आणि पाण्यावर सगळं सोनेरी, अर्धवट झोपेत दिसावं तसं झालं होतं. रिक्षावाल्याला तिने थांबायला सांगितलं. सांगायचं आणि निघायचं, हे ती वाटेत शंभरदा ठरवत आली होती.

श्रीरंग अंगणात एका शेळीच्या खुराला औषध लावत बसला होता. केस पांढरे झालेले, अंगकाठी तीच. त्याने वर पाहिलं आणि शेळी हातातून सुटून गेली तरी त्याच्या लक्षात आलं नाही. मग आत जाऊन गूळ-पाणी घेऊन आला, पाहुण्यासाठी आणतात तसं, आणि दोघं ओटीवर बसली. त्याने तिला घरादाराची हकीकत सांगितली. आई गेली, आता तो एकटाच राहतो. गावातली गुरंढोरं तोच बघतो. पखवाज शिकला, भजनात वाजवतो. अंगणात केळी होत्या, पपया होत्या, अळू होतं, पण एकही लहान माड नव्हता. तिने विचारलं तर म्हणाला, माड लावून सात-आठ वर्षं थांबायचं कोणी? त्याच वर्षी लागेल तेवढंच मी लावतो.

ते ऐकलं आणि तिला राहवेना. तिने सगळं सांगून टाकलं. संकष्टी, गाल, नाळेचे तुकडे, बाळांच्या फिकट कडा. स्वतःच्या आजाराचं तेवढं वगळून.

"तुझी कड चांगलीच होती, श्रीरंग. माप चुकीचं होतं."

तो उठला आणि खाडीच्या कडेला जाऊन तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. ती त्याच्यामागे गेली नाही. त्याचे खांदे हलत होते ते तिला दिसत होतं. परत आला तेव्हा डोळे लाल होते आणि आवाजात राग होता, तिच्यावर की कोणावर ते त्यालाही ठाऊक नसावं. त्याने वडिलांचं विचारलं. त्यांचं काहीतरी वेगळं असेल, तू त्यांच्या वयाच्या कितीतरी पुढे आलास, तुझ्यात ते आलेलं नसावं, असं ती म्हणाली. मग तो सांगत बसला. गणपती पोचवायला सगळा गाव इथेच खाडीवर येतो. पुढच्या वर्षी लवकर या म्हणून पोरंटोरं ओरडतात. तो दर वर्षी ओठ मिटून उभा राहायचा. पुढचं वर्ष आपलं नाही, मग देवाला कशाला खोटं बोलावणं करायचं, असं त्याला वाटायचं.

"म्हणजे आता मला म्हातारं व्हायला शिकावं लागणार," तो म्हणाला आणि मधेच हसला. तिला फार बरं वाटलं. इतकं, की आपलं काम झालं असं तिने स्वतःला पटवलं, पर्स उचलली आणि निघते म्हणून उठली.

घेरी आली. तिने खांब धरला, पाऊल पायरीवर टाकलं ते चुकीच्या जागी पडलं, आणि ती होती तिथेच पुन्हा बसली. श्रीरंगने तिला धरलं नाही. तो फक्त बघत होता, जन्मभर मुक्या जनावरांची दुखणी ओळखत आलेल्या माणसाच्या नजरेने.

"माझी कमी नव्हती," तो सावकाश म्हणाला. "म्हणजे तुझी जास्त आहे."

तिने पर्स मांडीवर ओढून घेतली.

"जास्त असली की काय होतं?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिने सांगितलं, मॅडमनी सांगितलं होतं त्याच क्रमाने. तोल, पाय, हात. पंधरा-वीस वर्षं. रिक्षा थांबवून ठेवली आहे, असंही तिने सांगून टाकलं. तू आत्ता कुठे मोकळा झालास, तुझ्या गळ्यात मी हे लोढणं अडकवणार नाही, म्हणाली.

"मीसुद्धा असाच निघालो होतो," श्रीरंग म्हणाला. "खुराड्यापाशी उभा राहून, सगळं एकट्याने ठरवून. तुला विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"लग्न करू म्हणाले असते. मिळतील तेवढी वर्षं."

"मग मला विचार."

शेळी लांबून त्या दोघांकडे बघत होती. पाण्यावरचं सोनं उतरून आता राखाडी झालं होतं. मालविकाला वाटलं, आपल्याला एवढं साधं विचारता येणार नाही. इतकी वर्षं तिला याच एका गोष्टीचा राग होता, की त्याने विचारलं नाही. आणि आज स्वतःवर वेळ आली तर विचारणं किती कठीण आहे ते तिला कळत होतं. नाही म्हणाला तर? आणि हो म्हणाला तर, मग पुढे?

"राहू का मी इथे?" तिने विचारलं.

त्याने लगेच उत्तर दिलं नाही. लगेच दिलं असतं तर तिला ते खरं वाटलं नसतं.

"भीती वाटते मला," तो म्हणाला. "इतकी वर्षं मी माझ्या मरणाची तयारी केली. तुझ्या आजारपणाची तयारी एवढ्यात कशी होणार? माझी चिडचिड होईल. कधी कधी तुला नको नको होईन मी."

"हो."

"तरी राहा."

तो उठला, फाटकापाशी गेला आणि रिक्षावाल्याशी काहीतरी बोलला. रिक्षावाल्याने ओटीकडे एकदा मान वळवून पाहिलं आणि बाईंना उद्या सकाळी न्यायला येऊ का म्हणून विचारलं. श्रीरंगने मालविकाकडे पाहिलं. त्याने आपण होऊन काही सांगितलं नाही.

"नको," मालविका ओटीवरून म्हणाली.

रिक्षा वळली आणि रिकामीच गावाकडे गेली.